नुसतं वजन नको, कोंबडीचं पोटही चाचपा



परसातली कोंबडी हाताला जड लागली की आपण म्हणतो, "चांगली पोसली." आमचं मत वेगळं आहे. काट्यावर मांस, चरबी आणि पोटातलं अंडं एकत्रच मोजलं जातं. अंड्यासाठी पाळलेल्या कोंबडीची चरबी वेगळी बघायलाच पाहिजे.

भोकरदन-जाफराबादकडे मका घरचाच. दोन मुठी टाकल्या की काम झालं असं वाटतं. पण मक्यात प्रथिनं जेमतेम ९ टक्के, अंड्यावरच्या कोंबडीला १६-१७ टक्के लागतात. जास्तीच्या ऊर्जेची चरबी होते, ती पोटात अन् यकृतात साठते. अंडी घटतात. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की अशी धष्टपुष्ट दिसणारी कोंबडीच अचानक मरून पडते. वनराजासारखी मांस-अंडी दोन्हींची जात मोकळ्या खाद्यावर लवकर लठ्ठ होते.

चरबी बघायला कोंबडी कापायची गरज नाही. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियात पिम आणि थॉम्पसन यांनी जिवंत ब्रॉयलरच्या पोटाची चरबी कॅलिपरने अजमावायची पद्धत मांडली. आपल्याला बोटं पुरतात.

संध्याकाळी कोंबड्या शांत झाल्या की:
१) छातीचं हाड चाचपा. दोन्ही बाजूंचा भराव म्हणजे मांस, चरबी नव्हे. हाड धारदार लागलं तर कोंबडी खंगलेली आहे.
२) गुदद्वाराखालची दोन टोकदार हाडं बघा. अंड्यावरच्या कोंबडीत मध्ये २-३ बोटं बसतात.
३) तिथून छातीच्या हाडापर्यंतचं पोट दाबा. कातडी मऊ, पातळ असेल तर ठीक. जाड, घट्ट लागली तर चरबी. पाण्याच्या पिशवीसारखं लागलं तर तो आजार, पशुवैद्यकांना दाखवा.

लठ्ठ कोंबडीला उपाशी ठेवू नका. मका हळूहळू कमी करा, सोयाबीन पेंड वाढवा, दिवसभर मोकळी हिंडू द्या. कच्चं सोयाबीन मात्र घालू नका.

काही जण म्हणतील, वजन वाढलं तर विकताना फायदाच. पण परसातली कोंबडी बहुतेक नगावर जाते, अन् रोजचा पैसा अंड्यातून येतो. म्हणून प्रत्येक गटाच्या वहीत वजनाशेजारी "पोट: मऊ / घट्ट" असा रकाना पाहिजे, दर १५ दिवसांनी भरलेला. खर्च शून्य, वेळ कोंबडीमागे एक मिनिट.

उन्हाळ्याआधी सुरुवात करा. कोंबड्या सांभाळणाऱ्या ताईंना हा मेसेज वाचून दाखवा.