पदवीचे मोल आणि पोशाखाची प्रतिष्ठा

बारावीचे आणि प्रवेश परीक्षांचे निकाल लागले की लातूर आणि नांदेडच्या शिकवण्यांच्या परिसरात गुणपत्रिकेबरोबरच आणखी एक कागद पालकांच्या हाती दिसू लागतो. पुण्यातील एखाद्या खासगी विद्यापीठाचे ते गुळगुळीत माहितीपत्रक असते. काचेची इमारत, तिच्यापुढची हिरवळ आणि हिरवळीवर बसलेली झकपक मुले मुखपृष्ठावर, शुल्काचा आकडा मात्र शेवटच्या पानावर!

तो आकडा शेतकऱ्याच्या भाषेत मांडून पाहावा. अभियांत्रिकीच्या संगणक शाखेला अशा ठिकाणी वर्षाकाठी 4 लाखांच्या आसपास मोजावे लागतात. 2025-26 च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये ठरला. म्हणजे एका वर्षाच्या शुल्कासाठी 75 क्विंटल सोयाबीन. एकरी सात-आठ क्विंटलांचा उतारा धरला, तर सुमारे दहा एकरांचे सगळे पीक. तेही बियाणे, खत, फवारणी आणि मजुरी वजा न करता, आणि हमीभाव पदरात पडलाच तर. वसतिगृह आणि खानावळ वेगळी. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत ज्यांच्या शिवारातील मातीच वाहून गेली, त्यांनी हा हिशेब कसा जुळवावा?

तरीही माणसे जुळवतात. एखादा तुकडा विकतात, घर तारण ठेवतात. कारण त्या माहितीपत्रकातून केवळ पदवी विकली जात नाही. एक राहणीमान विकले जाते. सोयरीक जमवताना मुलाच्या परिचयपत्रात नांदेडच्या विद्यापीठापेक्षा पुण्याचे नाव बरे दिसते, हेही त्यात असतेच.

याच राहणीमानातून दोन खोटी चित्रे तयार झाली आहेत. खासगी विद्यापीठातला मुलगा म्हटला की महागडा मोबाईल, मुद्दाम फाटकी विकत घेतलेली जीन्स आणि हॉटेलातले वाढदिवस, हे आपल्याकडचे चित्र. तिकडे मराठवाड्याचा मुलगा म्हणजे तेलाने चोपडलेले केस आणि ‘काय करायलास’ अशी बोली, हे त्यांच्याकडचे. वास्तविक, बापाने शेत गहाण टाकून पाठवलेला मुलगाही त्याच वर्गात बसलेला असतो. तो पोशाखावरून ओळखू येत नाही, कारण ओळखू येऊ नये म्हणूनच तो कर्जाच्या पैशातून बूट घेतो. त्याला ‘श्रीमंतांचे लाडावलेले पोर’ म्हणून हिणवणे हा अन्याय आहे.

खासगी शिक्षणसंस्था हा शब्द आमच्या मराठवाड्याला अपरिचित नाही, निषिद्ध तर मुळीच नाही. निजामी राजवटीत उस्मानियाचे उच्च शिक्षण उर्दूतून होते. 1948 च्या मुक्तीनंतर 1950 मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले. ज्यांचे नाव 1994 मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाला मिळाले, त्या स्वामी रामानंद तीर्थांची प्रेरणा त्यामागे होती. नरहर कुरुंदकरांनी तेथेच शिकवले आणि प्राचार्यपद सांभाळले. विचारांनी ते आमच्याहून भिन्न होते, पण त्यांचा वर्ग भरायचा तो ज्ञानामुळे. इमारतीला काचा होत्या की नव्हत्या, हे कोणी विचारले नाही. लातूरचे दयानंद महाविद्यालय 1961 चे, राजर्षी शाहू 1970 चे. याही संस्था समाजानेच उभारल्या. ‘लातूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजलेली कीर्ती गावखेड्यातील साध्या मुलांनी मिळवली.

शासनाने जुलै 2024 मध्ये एक चांगला निर्णय केला. वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. मात्र खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यातून वगळलेली आहेत. ही एक ओळ न वाचता प्रवेश घेतला, की जिचे शिक्षण जवळपास विनामूल्य झाले असते, तिच्याच घरावर कर्ज चढते.

यास्तव प्रवेशाच्या हंगामात कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील चार-पाच कुटुंबांसह बसावे. एकूण शुल्क किती, दरवर्षी वाढ किती, प्रवेश रद्द केल्यास परत काय मिळणार, कर्जाचा हप्ता केव्हा सुरू होणार, हे कागदावर लिहून घ्यावे. लातूरच्या उपकेंद्रात किंवा जवळच्या शासकीय महाविद्यालयात तोच अभ्यासक्रम आहे का, तेही पाहावे. आणि त्या बैठकीला मुलालाही बसवावे. कोणते शेत गहाण पडते आहे, हे त्याला प्रवेशाआधी कळायला हवे.