सुटलेली पट्टी ही नुसती शोभा नव्हे

जुन्या गाडीच्या दाराची बीडिंग सैल झाली, छतावरची पट्टी उचकटली किंवा चाकावरचे प्लास्टिकचे अस्तर लोंबू लागले, की मालक एक तर तिकडे काणाडोळा करतो, नाहीतर फेविक्विकची नळी आणतो. ब्रेक आणि बॅटरीवर मुकाट्याने खर्च करणारा माणूसही ‘हे काय, दिसण्यापुरतेच’ म्हणून हे काम पुढे ढकलतो. हा हिशेब चुकतो. बाहेरच्या बऱ्याच पट्ट्या पाणी आणि चिखल अडवण्यासाठी बसवलेल्या असतात. त्या वेळेवर नीट बसवणे हा गाडी टिकवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

हैदराबादच्या नारायणगुड्यासारख्या जुन्या वस्तीत याचे कारण डोळ्यांपुढेच असते. इथल्या अनेक इमारती प्रत्येक घरामागे गाडी येण्याच्या आधीच्या काळातल्या. त्यामुळे कितीतरी गाड्या वर्षभर गल्लीतच उभ्या. एप्रिल-मे महिन्यांत शहराचा पारा चाळिशी ओलांडतो. त्या उन्हात रबर कडक होते, प्लास्टिकच्या क्लिपा ठिसूळ होतात, पट्टीमागच्या डबल टेपचा चिकटपणा जातो. उन्हाळ्याने सैल केलेल्या जागेतून जूनपासून पाणी शिरते. अनेक गाड्यांत छतावरच्या पट्टीखाली पत्र्याचा सांधा असतो. तिथे ओल धरली की सीलंट आणि रंग खालून सुटत जातात. काचेलगतची बीडिंग आक्रसली की पाण्याबरोबर मातीही दारात उतरते, दाराच्या तळाची निचऱ्याची भोके बुजतात आणि पत्रा आतून गंजतो. बाहेर फोड दिसेपर्यंत काम पट्टीचे राहिलेले नसते, डेंटिंग-पेंटिंगचे झालेले असते. चाकावरचे अस्तर लोंबले तर ते टायरला घासते, आणि त्यामागच्या वायरिंगवर चिखल उडतो तो वेगळाच.

दुरुस्ती अवघड नाही. घाई मात्र महागात पडते. फेविक्विकचा थर कडक असतो. गाडीच्या हादऱ्यांनी आणि उन्हातल्या फुगण्या-आक्रसण्याने तो तडकतो. पत्र्यात स्क्रू मारला तर रंग फुटून उघडे पडलेले भोक गंजाला आमंत्रणच देते. योग्य पद्धत साधी आहे: तुटलेली क्लिप त्याच मापाच्या क्लिपेने बदलावी. टेपची पट्टी असेल तर जुना गोंद गरम हवेने सैल करून काढावा, जागा स्पिरिटने पुसावी, गाड्यांसाठीची फोमची डबल टेप दाबून लावावी आणि निदान एक दिवस गाडी धुऊ नये. हे मे महिन्यातच, पावसाआधी व्हायला हवे.

यावर पहिला आक्षेप असा, की पंधरा वर्षांची गाडी भंगारातच जाणार, तिच्यावर खर्च कशाला? पण 1988 च्या मोटार वाहन कायद्यात 15 वर्षांनी खासगी गाडीची तपासणी होऊन नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवण्याची सोय आहे. जुन्या गाड्यांवरचा दिल्लीतला वयाचा निर्बंध हैदराबादला लागू नाही. हे नूतनीकरण मात्र महागले आहे: कारसाठी 600 रुपयांचे शुल्क एप्रिल 2022 पासून 5,000 झाले, आणि 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या कारसाठी ते 10,000 ठरले. एवढे पैसे भरून गाडी ठेवायची आणि दहा-वीस रुपयांच्या क्लिपेसाठी पत्रा सडू द्यायचा, यात बचत कसली? ‘विमा आहे ना’ हेही फसवे समाधान आहे. झीज विम्यात बसतच नाही. अपघातात पट्टी गेली तरी साध्या पॉलिसीत रबर-प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापला जातो, वर साठलेला नो क्लेम बोनस बुडतो. ‘आधी ब्रेक, टायर’ हे म्हणणे मात्र रास्तच आहे, आणि खर्चाचा क्रम तसाच हवा. निव्वळ शोभेची क्रोमपट्टी किंवा कंपनीचे चिन्ह गेले तर नवे न आणले तरी चालेल. तिथली भोके तेवढी बुजवावीत.

सर्वांत वजनदार आक्षेप सुट्या भागांचा आहे: क्लिप मागायला जावे तर अख्खा संच घ्या म्हणतात, जुन्या मॉडेलचा तर तोही मिळत नाही. हा दोष मालकाचा नाही. सुटे भाग खुल्या बाजारात सहज मिळू न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 कारकंपन्यांना 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तिच्या विषयांत वाहनेही होती. त्या हक्काची कसोटी इंजिनापेक्षा अशा किरकोळ वस्तूंतच लागते. क्लिप आणि बीडिंग सुटी विकणे, त्यांचे दर जाहीर करणे आणि मॉडेल बंद झाल्यावरही ठरावीक वर्षे त्यांचा पुरवठा करणे कंपन्यांवर बंधनकारक व्हायला हवे. तोवर नारायणगुड्यातल्या मालकाला कोठीजवळच्या पुतलीबावलीतली सुट्या भागांची दुकाने आहेत. तुटकी क्लिप नमुन्याला खिशात घालून जावे, आणि पावसाळ्याच्या आधी जावे.