सुई टोचून घेण्याआधी महिन्याचा हिशेब मांडा

अर्धशिशी उठली की कपाळाला ओढणी करकचून बांधून अंधाऱ्या खोलीत पडून राहता ना? मग हे वाचाच. अशा रुग्णांना हल्ली डॉक्टर ‘नर्व्ह ब्लॉक’ सुचवतात. डोक्याच्या मागे, कवटीच्या उंचवट्याच्या जरा बाजूला, ग्रेटर ऑक्सिपिटल नसेजवळ भुलीचं औषध टोचतात; कधी त्यात स्टेरॉइडही असतं. दुखतं कपाळात आणि सुई मागे का? मानेतून येणारी ही नस आणि कपाळाची कळ वाहून नेणारी नस, दोघींचे निरोप मेंदूच्या देठापाशी एकाच ठिकाणी पोचतात. मागची शांत झाली की पुढचंही ओसरू शकतं. बधिरपणा काही तासांत जातो, आराम कुणाला काही आठवडे पुरतो.

कुणाला पुरेल, हे सांगणारी रक्ततपासणी नाही, एमआरआयही नाही. त्या नसेवर बोट दाबल्यावर ‘आई गं’ निघालं तर गुण येण्याची आशा जास्त, असं काही अभ्यासांत दिसलं, सगळ्यांत नाही. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तर खऱ्या औषधाला जवळजवळ नुसतं सलाइन असलेल्या सुईपेक्षा जास्त यश आलं नाही.

माझ्या मते सगळ्यांत कामाची खूण तुमच्याच घरात आहे: महिन्याला गोळ्या किती? 2009 च्या एका अभ्यासात, वेदनाशामकांचा अतिवापर करणाऱ्यांत ब्लॉक फसण्याचं प्रमाण जवळपास तिप्पट निघालं. साध्या गोळ्या महिन्यात 15 दिवस, अर्धशिशीसाठीच्या ट्रिप्टान गोळ्या किंवा मिश्र गोळ्या 10 दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर गोळीच डोकं दुखवत असू शकते. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्याही यात धरा. मात्र त्या एकदम स्वतःहून बंद करू नका.

तेव्हा कालनिर्णयवर दुधाचे खाडे मांडता, त्याच चौकटीत दुखल्याच्या दिवशी फुली आणि गोळीगणिक एक टिंब काढा. महिन्याचं ते पान डॉक्टरांपुढे ठेवा. मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधं, गर्भारपण, डोक्याची जुनी शस्त्रक्रिया, भुलीच्या औषधाची अ‍ॅलर्जी हेही न विचारता सांगा. इंजेक्शननंतरही फुल्या चालू ठेवा, नाहीतर फरक पडला की नाही हे नुसत्या आठवणीवर ठरेल.

आणि कुणी ‘शंभर टक्के गुण येणार’ असं छातीठोक सांगितलं, तर पैसे भरण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.