अक्षरओळखीच्या पुढचे वाचन

मोठ्या वयात वाचायला शिकता येते, याला मेंदूविज्ञानाचा आधार आहे. स्तानिस्लास देहेन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली ब्राझील व पोर्तुगालमधल्या ६३ प्रौढांच्या मेंदूचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणी शाळा न मिळालेले, पण मोठेपणी वाचायला शिकलेले लोकही त्यांत होते. लिखित शब्द ओळखणारा मेंदूच्या डाव्या बाजूचा भाग त्यांच्यातही कामाला लागलेला दिसला. ‘आता या वयात कुठे जमणार’ हे बोलणे त्यामुळे सोडूनच द्यायला हवे.

खरी अडचण वेगाची आहे. नुकतेच वाचलेले माणसाच्या डोक्यात काही सेकंदच टिकते. एकेक अक्षर लावत जाणारा वाक्याच्या शेवटाला पोचतो, तेव्हा त्याची सुरुवात निसटलेली असते. जागतिक बँकेतल्या मानसशास्त्रज्ञ हेलन अबाद्झी यांनी २००३ मध्ये नेमके यावरच बोट ठेवले.

देवनागरीत तर आणखी सराव लागतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि उच्चारायची नंतर. ‘शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी कर्ज, अर्जासोबत प्रत’ एवढ्याशा ओळीत एकटा ‘र’ पाच रूपांत भेटतो. मुळाक्षरांच्या तक्त्यावर त्यातले एकच असते. देवनागरीसारख्याच घडणीच्या कन्नड लिपीची अक्षरे शाळकरी मुलांनाही चौथीपर्यंत पुरती येत नाहीत, असे सोनाली नाग यांच्या अभ्यासात आढळले. प्रौढाला मात्र कामावरून दमून आल्यावरचे थोडे तास, तेही काही महिनेच मिळतात.

१९८८ च्या राष्ट्रीय साक्षरता मिशनने प्रकट वाचनासाठी मिनिटाला ३० शब्दांचा निकष ठरवला होता. आजच्या ‘उल्लास’ या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाच्या चाचणीत वाचन, लेखन व संख्याज्ञानाला प्रत्येकी ५० गुण आहेत. पण उत्तरपत्रिकेवरून वाचनाचा वेग कळत नाही. सोप्या मजकुराचे मिनिटभर मोठ्याने वाचन घेतले, तर तो कळेल. त्याला खर्चही येत नाही.

साक्षरता वर्ग संपल्यावरचा सराव हा सर्वांत दुर्लक्षित भाग. अहमदाबादच्या आयआयएममध्ये अध्यापन केलेल्या ब्रिज कोठारी यांनी चित्रपटगीतांखाली त्याच भाषेतले शब्द दाखवण्याचा मार्ग काढला. गाणे तोंडपाठ असल्याने पुढचा शब्द आधीच माहीत असतो आणि नजर त्याच्यामागे आपोआप धावते. मराठी वाहिन्यांनी हे रोज करायला हवे.