पाठीवरची गाठ : आधी निदान, मग लेप

पाठीवर गाठ घेऊन रुग्ण आला की आपणांपैकी बहुतेकांच्या मनात प्रथम 'मेदोज ग्रंथि' हेच निदान येते, आणि बहुधा ते बरोबरही ठरते. मऊ, बोटाखाली सरकणारी, वर्षानुवर्षे तेवढीच राहणारी चरबीची गाठ क्वचितच धोक्याची असते. परंतु या 'बहुधा'वर विसंबून गाठीला नीट हातही न लावता लेप आणि कांचनार गुग्गुळ लिहून देण्याची जी सवय व्यवसायात रुजली आहे, तिच्याविषयी स्पष्ट लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

गाठ पाठीवर दिसली तरी तिचे मूळ कण्यात असू शकते. मणक्यांच्या क्षयात बहुधा लगतचे दोन मणके व त्यांमधील चकती पोखरली जाते. तेथील पू स्नायूंच्या पदरांतून वाट काढीत पाठीवर, कधी जांघेत, गाठीच्या रूपाने प्रकट होतो. या गाठीस लाली नसते, उष्णता नसते, वेदनाही बेताचीच. म्हणूनच ती फसवते. कण्याचा हा बाक व त्यासोबत येणारा पायांचा लुळेपणा यांचे वर्णन पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने १७७९ मध्ये केले. आजही हा रोग आपल्या देशात दुर्मीळ नाही. अशा कण्यावर जोरकस मर्दन केले, वा कणा 'बसवण्याचा' प्रयत्न केला, तर पोखरलेला मणका खचून मज्जारज्जूवर दाब येण्याचा धोका असतो. साधा विद्रधि समजून ती गाठ फोडली, तर न भरणारा नाडीव्रण मागे राहू शकतो.

हे टाळण्यासाठी दर्शन, स्पर्शन व प्रश्न या आपल्याच त्रिविध परीक्षेने सुरुवात करावी. सायंकाळी ज्वर येतो काय? वजन घटले काय? रात्री पडून राहिल्यावरही पाठ दुखते काय? कण्यावर हलके ठोकले असता एखादा मणका दुखतो काय? यांपैकी काही आढळल्यास प्रतिमा-तपासणी करून घ्यावी. आरंभी क्ष-किरण चित्र निर्दोष दिसू शकते. तेवढ्यावर न थांबता एमआरआय करवावा. पाच सेंटिमीटरहून मोठी, खोल, घट्ट वा झपाट्याने वाढणारी गाठ अर्बुदाच्या शंकेने तपासून घ्यावी. पायांत बधिरता किंवा दुर्बलता आली, मलमूत्रावरील ताबा गेला, तर त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. नवजात बालकाच्या कण्याच्या मध्यरेषेवर फुगवटा असेल, तर तेथे तेलाचे मालिश करू नये आणि सुईही घालू नये.

'रुग्ण दुसरीकडे पाठविला की तो परत येत नाही, शिवाय शास्त्राला कमीपणा येतो' असे काही वैद्यबंधू म्हणतात. हे मत आम्हांस मान्य नाही. अपक्व शोथ अज्ञानाने फोडणारा आणि पक्व शोथाकडे दुर्लक्ष करणारा, या दोघांनाही सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात सारखेच दोषी ठरविले आहे, कारण दोघेही निश्चय न करता कर्म करतात. निश्चयासाठी नवे साधन वापरणे हा त्या परंपरेचा भंग नव्हे, तर तिचे पालनच होय.

क्षय निश्चित झाल्यास त्याची नोंद शासनाकडे करणे २०१२ पासून खासगी व्यावसायिकांवरही बंधनकारक आहे, आणि शासकीय कार्यक्रमात त्यावरील औषधे विनामूल्य मिळतात. ती पूर्ण मुदतीपर्यंत घेतली जातील हे पाहणे, आहार व बल सांभाळणे, धीर देणे, एवढे मोठे कार्य आपल्याकडे उरतेच. म्हणून पाठीवरील प्रत्येक गाठीची परीक्षा केसपेपरवर लिहिल्यावाचून लेपाची चिठ्ठी देऊ नये, एवढा नियम सर्व सभासदांनी स्वतःस घालून घ्यावा, ही आमची आग्रहाची विनंती.