खारीच्या वाट्याला काय?

रामसेतूच्या कथेशी जोडलेला ‘खारीचा वाटा’ हा शब्दप्रयोग मराठी माणसाच्या नित्य बोलण्यात आहे. खारीने काय दिले, याचे स्मरण त्यातून राहते. खारीच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. परसात वा गॅलरीत खारींसाठी खाद्यपात्र टांगण्याची हौस स्तुत्य आहे. परंतु त्या पात्राची निवड घराची शोभा पाहून नव्हे, तर खारीची सोय पाहून व्हावयास हवी.

झाकण उचलून आतील दाणे घ्यावयाची लाकडी पेटी हा परदेशातील प्रचलित नमुना. अमेरिकेतील करड्या खारीस तो मानवतो, कारण तिचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास असते. आपल्याकडील खार, मग ती दक्षिणेतील तीन पट्ट्यांची असो वा उत्तरेतील पाच पट्ट्यांची, जेमतेम १०० ग्रॅमची. जड झाकण तिच्यासाठी सोय न ठरता अडचणच ठरते. खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असल्याने कुरतडणे ही तिची गरज आहे. त्यामुळे प्लास्टिकचे पात्र टाळावे. तारेच्या जाळीत नखे अडकतात, तर पत्रा उन्हात तापतो. त्यापेक्षा रंग न दिलेली लाकडी फळी, मातीची उथळ परळ किंवा नारळाची अर्धी करवंटी अधिक उपयुक्त. तळाशी पाणी निथळण्यास छिद्र असावे आणि मांजरास दबा धरता येणार नाही, अशी जागा निवडावी.

पात्राच्या आकाराचा विचार तर सर्वांत महत्त्वाचा. ओलसर शेंगदाण्यांवर बुरशी वाढते व तिच्यातून यकृतास घातक असे अफ्लाटॉक्सिन निर्माण होऊ शकते. मोठे पात्र आठवडाभरासाठी भरून ठेवण्यात सोय माणसाची असते, धोका मात्र खारीचा. म्हणून पात्र लहान असावे, दाणे मूठभर व बिनमिठाचे असावेत आणि पात्र नियमितपणे धुतले जावे. फरसाण, बिस्किटे हा खारीचा आहार नव्हे.

वन्य जिवांना खाऊ घालूच नये, असाही एक मतप्रवाह आहे आणि त्यात तथ्य आहे. फळे, बिया, कळ्या व कीटक यांवर खार स्वतःचे पोट भरू शकते. तिला खरी निकड आहे ती झाडांची. अंगणातील पेरू वा जांभळाचे झाड वाहनतळासाठी तोडावयाचे आणि उरलेल्या भिंतीवर सुबक पात्र टांगावयाचे, हे औदार्य नव्हे. झाड ही खारीची मुद्दल आहे. पात्रातील दाणे हे फार तर व्याज. मुद्दल बुडवून व्याज देऊ करणारा व्यवहार कोणत्याही प्रामाणिक खातेवहीत बसत नाही.