साक्षीपुरावा न मागणारे गुण

ऑनलाइन रेसिंग खेळणाऱ्या आपल्याकडच्या पोरांची एक तक्रार ठरलेली. अंबरनाथला विचारा, बदलापूरला विचारा, उल्हासनगरात पाच नंबरला विचारा: "मागून येऊन ठोकलं त्याने, आणि गुण माझेही कापले. कसलं डोंबलाचं सेफ्टी रेटिंग!" जेवणाच्या टेबलाला स्टिअरिंग आवळायचं, पेडल फरशीवरून सरकू नये म्हणून त्यामागे भिंतीपर्यंत पाट अडकवायचा, एवढा खटाटोप करून बसलेल्याला हे झोंबणारच. तरीही तक्रार चुकीची आहे.

आधी हिशेब पाहू. 2008 पासून चालू असलेल्या 'आयरेसिंग'मध्ये चाकं ट्रॅकबाहेर गेली की वन एक्स, ताबा सुटला की टू एक्स, डांबरी ट्रॅकवर दुसऱ्या गाडीशी जोरात धडक झाली की फोर एक्स. धडक कुणी दिली हे यंत्र विचारत नाही; दोघांच्याही नावावर चार. किती वळणांमागे असे किती एक्स, यावरून 0.00 ते 4.99 मधला सेफ्टी रेटिंगचा आकडा निघतो. हार-जितीचं आयरेटिंग वेगळं. बदलापुरात ऐन शर्यतीत लाइट गेली, तर मार बसतो तो त्याला.

दोष न बघता शिक्षा म्हणजे आंधळा कारभार, असं म्हणतात. पण मोटार वाहन कायद्याचं कलम 164 बघा. अपघाती मृत्यूला 5 लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख भरपाई देताना चूक कुणाची हे सिद्ध करायला लागत नाही. तिथे भरपाई आहे, इथे दंड, हे मान्य. कारण मात्र एकच: चूक ठरवत बसलं तर काम पुढे सरकत नाही. 'ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट'मध्ये (2017) यंत्र दोष ठरवून दंड देऊ लागलं, तसे काही खेळाडू यंत्रालाच बनवायला शिकले. वळणाआधी मुद्दाम ब्रेक मारायचा, म्हणजे मागचा धडकतो आणि दंडही तोच भरतो.

शिवाय एखाद्या शर्यतीत निरपराध माणूस मरतो, हे खरं. पण दर शर्यतीत तोच निरपराध कसा? नवशिक्यांच्या एमएक्स-5 गाड्यांच्या शर्यतीत ओकायामा ट्रॅकचं पहिलं वळण बघावं. सगळा घोळका एकाच वेळी आतली बाजू पकडायला धावतो. ज्याने अर्धा सेकंद आधी अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, शेजारच्याला गाडीभर जागा सोडली, तो पलीकडे सुखरूप निघतो. कल्याण-बदलापूर रस्त्यावरून रोज ये-जा करून ज्याच्या गाडीला ओरखडा नाही, त्याच्या आजूबाजूचे सगळे शहाणे असतात असं थोडंच आहे? पिंग जास्त असेल, समोरची गाडी पडद्यावर उड्या मारत असेल, तर अंतर आणखी ठेवावं. दुसरा इलाज नाही.

काही जण पिटमधून सुरुवात करून, सगळ्यांच्या मागे रांगत रेटिंग वाढवतात. वाढवू देत. त्यांनी कुणाला ठोकलं नाही, आणि आकड्याचा दावाही तेवढाच आहे.

खरं भोक वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि त्याबद्दल ओरड फारशी होत नाही. एखादा गडी दाबत दाबत तुम्हाला ट्रॅकबाहेर घालवतो, तेव्हा वन एक्स तुमच्या नावावर आणि तो कोरा. हलका धक्का लागला तर त्याची नोंद झीरो एक्स. असा सफाईदार दांडगट सेफ्टी रेटिंग साडेचारवर ठेवून हिंडू शकतो. इथे आकडा मुका आहे, आणि तो तसाच राहावा असं मला वाटतं. फॉर्म्युला वनमध्ये दोष ठरवायला कारभारी बसतात. 12 महिन्यांत 12 दंडगुण झाले म्हणून केव्हिन मॅग्नुसन 2024 मध्ये बाकूच्या शर्यतीला मुकला. पण तेव्हा तिथे नजर ठेवायच्या गाड्या वीसच होत्या. इथे दिवसभर चालणाऱ्या असंख्य शर्यतींना एवढे कारभारी कुठून आणणार?

म्हणून घोळक्यासाठी रेटिंग आणि दांडगटासाठी प्रोटेस्ट, ही वाटणी बरोबर आहे. रिप्ले जपून ठेवायचा, कुठल्या लॅपला काय झालं ते लिहून पाठवायचं. तो रिप्ले माणसं बघतात. पण आमची पोरं रिप्ले बंद करून चॅटवर शिवी हासडतात. त्या शिवीवर मात्र समोरचा रीतसर प्रोटेस्ट टाकू शकतो.